बिअरला हॉप्स, अरिष्टाला हिरडा-धायटी

कडू-तुरट वनस्पती किण्वनात नेमके काय काम करतात? जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात दडलेले उत्तर

घरच्या घरी बिअर तयार करणे हा पाश्चात्त्य देशांत एक प्रतिष्ठित छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली त्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला, तर अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करण्यास मुभा दिली. या छांदिष्टांच्या चर्चेत एक विषय हमखास असतो, तो म्हणजे हॉप्सचा. हॉप्स ही एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची मादी फुले. बिअरचा कडवटपणा, तिचा गंध आणि तिचे टिकाऊपण या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. ती किती घालायची, यापेक्षा कधी घालायची, या प्रश्नावर नवशिक्यांची बिअर अधिक वेळा बिघडते.

महाराष्ट्रात हा छंद करता येत नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा असून, स्वतःच्या घरी स्वतःपुरती बिअर केली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. मात्र कडू-तुरट वनस्पती नेमक्या वेळी घालून किण्वनाला वळण लावण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेत ८४ आसवांची गणना आहे. आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात आजही मिळणारी आसवे आणि अरिष्टे याच विद्येची अपत्ये होत. त्यांपैकी अभयारिष्टातील प्रमुख द्रव्य हिरडा आणि त्याच्या किण्वनाची सूत्रे हाती असलेली धायटी या दोन्ही वनस्पती पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात सह्याद्रीच्या उतारांवर वाढतात. बाळगुटीतला हिरडा शहरातील घराघरांना ठाऊक आहे. सहाणेवर दोन वेढे उगाळला जाणारा तो काळा, सुरकुतलेला तुकडा बहुतेकदा अशाच एखाद्या डोंगरावरून आलेला असतो, याची कल्पना फारशी कोणाला नसते.

हॉप्स आधी, हॉप्स नंतर

हिरड्या-धायटीचे काम समजण्यासाठी हॉप्सची थोडी ओळख करून घेणे सोयीचे आहे. भांगेच्याच कुळातील ही वेल थंड प्रदेशात वाढते. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात झाली. तिच्या फुलांच्या खवल्यांच्या बुडाशी पिवळसर, चिकट भुकटीसारखे कण असतात. त्यांना ल्युप्युलिन म्हणतात. या कणांत दोन प्रकारचे पदार्थ असतात. एक, राळेसारखी अल्फा आम्ले आणि दुसरे, सुगंधी तेले. या दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत आणि सगळी अडचण तिथेच आहे.

अल्फा आम्ले मूळ रूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. सातूच्या मोडाचा गोड काढा उकळत असताना ती त्यात पडली की उष्णतेने त्यांची रचना बदलते आणि ती विरघळणारी व कडू होतात. हा बदल सावकाश होतो. त्यामुळे कडवटपणासाठी घालायचे हॉप्स तासभर उकळावे लागतात आणि तेवढे करूनही साधारण पाव हिस्साच अल्फा आम्ल बिअरमध्ये उतरते. वीस लिटर काढ्यात ६ टक्के अल्फा आम्लाचे २८ ग्रॅम हॉप्स तासभर उकळले, तर त्यातील सुमारे १६८० मिलिग्रॅम आम्लापैकी ४२० मिलिग्रॅम विरघळेल, म्हणजे लिटरमागे २१ मिलिग्रॅम. बिअरच्या कडवटपणाचे जे एकक वेष्टनावर छापलेले असते, ते ढोबळमानाने हेच मिलिग्रॅम असतात.

सुगंधी तेलांचे नेमके उलट आहे. तासभर उकळल्यास ती वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरात याचा अनुभव रोजचा आहे. आमटीत कोथिंबीर शेवटी टाकतात, ती याच कारणाने. म्हणून गंधासाठीचे हॉप्स उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालतात, किंवा काढा ऐंशी अंशांपर्यंत निवल्यावर, किंवा थेट किण्वन होत आल्यानंतर थंड बिअरमध्ये दोन-चार दिवस भिजत ठेवतात. एकच वनस्पती, पण वेळ बदलली की फळ बदलते. जाणकार ब्रूअर एकाच बिअरमध्ये तीन-तीन वेळा हॉप्स टाकतो, ते हौसेने नव्हे.

हॉप्सचे तिसरे काम सगळ्यांत जुने आहे. दूध आंबवणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतले जे जिवाणू बिअर आंबट करतात, त्यांची वाढ हॉप्समधील कडू द्रव्ये रोखतात, यीस्टला मात्र त्यांचा फारसा त्रास होत नाही. हॉप्स येण्यापूर्वी युरोपात वेगवेगळ्या रानवनस्पतींचे मिश्रण वापरले जाई. बाराव्या शतकात जर्मन साध्वी हिल्डेगार्ड हिने हॉप्सच्या टिकवण्याच्या गुणाची नोंद केली आणि १५१६ च्या बव्हेरियाच्या फर्मानाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे ठरवून दिले. हिंदुस्थानात जहाजाने येणाऱ्या इंग्रजी बिअरमध्ये हॉप्सचे प्रमाण चढे ठेवले जाई, तेही प्रवासात ती टिकावी म्हणूनच. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक सुरू झाली आणि त्यानंतर 'इंडिया पेल एल' हे नाव पुणेकर तरुणांच्या तोंडी रुळले. या नावातला 'इंडिया' आला तो या समुद्रप्रवासातून.

तुरट आणि कडू

हिरडा हॉप्ससारखा कडू नाही, तो प्रामुख्याने तुरट आहे. हा फरक जिभेला चटकन कळतो, पण शब्दांत क्वचित सांगितला जातो. कडू ही चव आहे, तर तुरटपणा हा बराचसा स्पर्श आहे. हिरड्यात टॅनिन या वर्गातील द्रव्ये विपुल असतात, वाळलेल्या फळाच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सादेखील. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंडाचे वंगण गेल्यासारखे होते. कातडे कमावताना ती हेच काम कातड्यातील प्रथिनांवर करतात. म्हणून हिरड्याचा एक मोठा ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या चर्मोद्योग राहिला. आयुर्वेदाने हिरड्यात खारट सोडून पाचही रस मानले आहेत, पण प्रधान रस कषाय, म्हणजे तुरटच.

किण्वनात मात्र हॉप्स आणि हिरडा यांचे काम जवळजवळ सारखे आहे. टॅनिन जिवाणूंच्या वाढीला लगाम घालते, द्रवातील प्रथिनांशी बांधले जाऊन गाळाच्या रूपाने खाली बसते व वरचा द्रव नितळ होण्यास मदत करते, आणि गुळाच्या गोडीला एक कणा देते. टॅनिन फार झाले, तर यीस्टदेखील मंदावते. हिरड्याचा घट्ट काढा लवकर उसळत नाही, हे औषधनिर्मात्यांच्या अनुभवाचे आहे. अशा वेळी त्याला हात देणारे दुसरे कोणी तरी लागते. तिथे धायटी येते.

कृती काय सांगते?

भैषज्यरत्नावलीतील अभयारिष्टाची कृती भारत सरकारच्या आयुर्वेदीय फॉर्म्युलरीने मेट्रिक मापांत दिलेली आहे. हिरडा ४.८ किलो, मनुका २.४ किलो, वावडिंग ४८० ग्रॅम आणि मोहाची फुले ४८० ग्रॅम हे सर्व ४९ लिटरांहून किंचित अधिक पाण्यात घालून पाव हिस्सा, म्हणजे सुमारे १२.३ लिटर उरेपर्यंत आटवायचे. गाळून, निवल्यावर त्यात ४.८ किलो गूळ विरघळवायचा. मग गोखरू, निशोत्तर, धने, धायटीची फुले, इंद्रायण, चवक, बडीशेप, सुंठ, दंती आणि मोचरस ही दहा द्रव्ये प्रत्येकी ९६ ग्रॅम भरड करून मिसळायची. हे मिश्रण तुपाने माखलेल्या भांड्यात भरून, तोंड बंद करून महिनाभर ठेवायचे.

या कृतीत दोन टप्पे आहेत आणि हॉप्सचे कोडे इथे निराळ्या पद्धतीने सोडवलेले दिसते. जे द्रव्य उकळल्याशिवाय आपला गुण पाण्यात सोडत नाही, ते, म्हणजे हिरडा, पहिल्याच टप्प्यात दीर्घ काळ उकळला जातो. ४९ लिटर पाणी मंद आचेवर आटवून बारा लिटरांवर आणायला कित्येक तास लागतात. धायटी मात्र काढा पूर्ण निवल्याशिवाय घालायची नाही. हॉप्समधील तेल उडून जाते म्हणून ते शेवटी घालतात, धायटी शेवटी घालतात ती तिच्या फुलांवरचे जीव मरू नयेत म्हणून. कोमट वाटणारा काढाही मध्यभागी गरम असू शकतो. मोठ्या भांड्यात ढवळल्याशिवाय हाताला लागणारे तापमान फसवे असते. ४० अंशांच्या वर यीस्ट दमते आणि ५५-६० अंशांना मरते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आसव आणि अरिष्ट यांतील भेदही याच उकळीवर आधारलेला आहे. शार्ङ्गधरसंहितेनुसार न उकळता केले ते आसव आणि काढा करून केले ते अरिष्ट. नावे सरमिसळ वापरली जातात, परंतु तत्त्व पक्के आहे. सुगंधी, उडून जाणाऱ्या द्रव्यांचे आसव करावे, कठीण साली-फळांचे अरिष्ट. जिथे प्रमाण दिलेले नसेल तिथे एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा प्रक्षेप घालावा, असेही शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. द्रोण म्हणजे सुमारे १२.३ लिटर आणि तुळा म्हणजे ४.८ किलो. अभयारिष्टातील काढा आणि गूळ नेमके याच हिशेबाचे आहेत, हे आकड्यांवरून दिसतेच.

धायटीचे गूढ

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नाणेघाटाकडे किंवा भीमाशंकरच्या वाटेने जाणाऱ्यांना रस्त्याकडेच्या उतारांवर लाल नळीसारख्या फुलांनी लगडलेली झुडपे दिसतात. तीच धायटी. संस्कृतात धातकी. मेंदी व डाळिंब यांच्या कुळातली. फुलांत मध भरपूर असतो, त्यामुळे त्यांवर पक्षी आणि किडे सतत घोंघावत असतात आणि त्यांच्याबरोबर हवेतील व मधातील रानटी यीस्ट फुलांत वस्तीला येते. फूल वाळले तरी काही यीस्ट त्यात तग धरून राहते. काढ्यात पडल्यावर गूळ मिळताच ते वाढू लागते. म्हणजे धायटी ही जणू विरजण आहे, असा समज रूढ झाला आणि तो बराचसा खरा आहे.

परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. निंबारिष्टावरील एक संशोधन १९९३ मध्ये 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धायटीच्या फुलांचा त्यातील अल्कोहोल, साखर आणि औषधी क्रियेवर काय परिणाम होतो, हे त्यात तपासले होते. धायटी केवळ यीस्टची वाहक नसून गुळातील साखर फोडण्याच्या प्रक्रियेतही तिचा वाटा असतो, अशी दिशा त्यातून मिळाली. उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे झाल्यावरच यीस्ट ती पचवते. हा तुकडे करण्याचा हातभार म्हणजे विरजणाबरोबर मदतनीसही मिळाल्यासारखे आहे. शिवाय धायटीत स्वतःचे टॅनिन असते, ते जिवाणूंना आवरते. म्हणजे हॉप्समधील रक्षण आणि बेकरीतील यीस्ट, ही दोन्ही कामे या एका फुलाने उचललेली आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की धायटीचा दर्जा हाच संधानाचा दर्जा. कडक उन्हात भाजून काढलेली, पावसाळ्यात दमट पोत्यात राहिलेली किंवा दोन-तीन वर्षे जुनी धायटी रंगाने लाल दिसली, तरी तिच्यातील यीस्ट बहुधा गेलेले असते आणि बुरशी मात्र हजर असते. अशा धायटीवर विसंबून ठेवलेला काढा आठ दिवस निपचित पडून राहतो. त्या अवधीत हवेतील जिवाणू संधी साधतात आणि तयार होते ते अरिष्ट नसून सिरका. वैद्यकग्रंथांत यालाच शुक्त म्हटले आहे. म्हणूनच अनेक औषधशाळा आज आधीच्या चांगल्या संधानातील गाळ किंवा प्रयोगशाळेतून आणलेले यीस्ट वापरतात. परंपरावाद्यांना हे रुचत नाही, पण बिघडलेला काढा ओतून देण्यापेक्षा ते शहाणपणाचे, असेच म्हणावे लागेल. सावलीत वाळवलेली, त्या वर्षीची, देठ-पाने काढलेली फुले मिळाली, तर मात्र बाहेरच्या यीस्टची गरज बहुधा पडत नाही.

भांडे, गूळ आणि आगपेटीची काडी

संधानासाठी भांड्यात पाऊण हिस्साच द्रव भरतात. गुळातून यीस्ट अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि फेस वर चढतो. पहिले काही दिवस तोंड घट्ट लिंपले, तर मातीचे भांडे तडकण्याचा संभव असतो. त्यामुळे आधी झाकण सैल ठेवून जोर ओसरल्यावर कापड-माती करण्याची पद्धत आहे. भांडे धान्याच्या राशीत पुरून ठेवावे, असे जुने सांगणे आहे. त्यामागे गूढ काही नाही. धान्याची रास दिवसरात्रीचे तापमान सारखे राखते. थंडीत जुन्नरसारख्या ठिकाणी पहाटेचा पारा खाली येतो, तेव्हा उघड्यावर ठेवलेले संधान महिन्याऐवजी दीड-दोन महिने घेते. तुपाचा लेप मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून होणारा हवेचा शिरकाव कमी करतो. काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी आल्यापासून तो लेप विधीपुरता उरला आहे.

गुळाबाबत दक्षता हवी. ग्राहकाला पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून गुऱ्हाळांत 'हायड्रॉस' नावाची पांढरी पूड टाकली जाते, हे सर्वश्रुत आहे. ही पूड गंधकाची असते आणि गंधकाचे असे क्षार सूक्ष्मजीवांना मारक असतात. फळांचे रस टिकवण्यासाठीही त्यांचाच उपयोग करतात. तेव्हा गोरा गूळ संधानाला वाईट आणि काळपट, जुना गूळ चांगला, हे वैद्यांचे मत आधुनिक रसायनशास्त्रालाही पटण्याजोगे आहे.

संधान सुरू झाले की नाही, हे ओळखायला उपकरण लागत नाही. भांड्याला कान लावला की आतून सूं-सूं असा आवाज येतो. तोंडाशी पेटती काडी नेली, तर ती विझते, कारण तिथे कार्बन डायऑक्साइडचा थर असतो. आवाज थांबला, वर तरंगणारा भरड प्रक्षेप तळाला गेला आणि काडी विझेनाशी झाली की संधान पूर्ण झाले. बिअर करणारे घनतामापक बुडवून हेच ताडून पाहतात. आज औषधशाळाही तेच करतात आणि ते अधिक विश्वासार्ह आहे. काडीची परीक्षा मात्र अजूनही नव्या कामगाराला पहिल्या दिवशी शिकवण्याजोगी आहे.

तयार अरिष्टात साधारणतः पाच ते दहा टक्के अल्कोहोल असते. गूळ एवढा जास्त असतो, की यीस्ट सगळा संपवू शकत नाही. उरलेली साखर गोडी देते आणि अल्कोहोल, साखर व टॅनिन मिळून औषध वर्षानुवर्षे टिकवतात. या काळात आतही बदल चालूच असतात. हिरड्यातील मोठमोठ्या टॅनिन रेणूंचे तुकडे होऊन गॅलिक, एलॅजिक आणि चेब्युलिक ही लहान आम्ले वाढतात. ताज्या अरिष्टाचा जिभेला बोचणारा तुरटपणा मुरल्यावर सौम्य होतो, तो यामुळे. द्राक्षाची लाल वाइन मुरताना घडते, तेच काहीसे इथे घडते.

पूर्वेला ऊस, पश्चिमेला हिरडा

वाइनचा उल्लेख या तालुक्यांच्या बाबतीत अगदी अप्रस्तुत नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साह्याने फसफसणाऱ्या वाइनचा कारखाना उभारला आणि तिथली 'ओमर खय्याम' परदेशांत विकली गेली. पुढे ती कंपनी कर्जात बुडून बंद पडली. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावचा पूर्व भाग द्राक्षे, ऊस आणि भाजीपाल्याने बहरला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने त्याच पट्ट्यात आहेत. किण्वनाला लागणारी साखर पूर्वेला आणि त्याला वळण देणारी वनस्पती पश्चिमेला, अशी ही वाटणी आहे. पैसा मात्र बहुतांशी पूर्वेलाच राहिला.

पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांत हिरडा हे उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. भात वर्षाच्या खाण्यापुरते होते. मीठ-मिरची, कपडालत्ता, मुलांच्या शाळेचा खर्च आणि पेरणीपूर्वीचे बियाणे यांचा मेळ हिरड्यावर बसतो. आत बी धरण्यापूर्वीची कोवळी फळे एप्रिल-मेमध्ये झाडावरून उतरवून उन्हात वाळवली जातात. ती काळी पडून आक्रसतात. हाच बाळहिरडा. फळ झाडावर पूर्ण पिकू दिले, तर हिवाळ्यात मोठा, पिवळट हिरडा मिळतो. त्यातील भारी तो सुरवारी आणि कातडी कमावण्याच्या व रंगाच्या कामाचा तो रंगारी. बाळहिरड्याला भाव अधिक मिळतो, म्हणून बहुतेक झाडे कोवळेपणीच उतरवली जातात.

इथे अरिष्टकर्त्याच्या दृष्टीने एक मुद्दा आहे. अभयारिष्टाला लागतो तो पिकलेल्या फळाचा, बी काढलेला हिरडा. चांगल्या हिरड्याची खूण म्हणून भावप्रकाशात नवा, जड, भरीव, गोल आणि पाण्यात टाकताच बुडणारा असे वर्णन आहे. तरंगणारा हिरडा आतून पोकळ किंवा किडलेला समजावा. बीसकट फळे कुटून घातल्यास वजन भरते, पण काढ्यात टॅनिनचे प्रमाण उतरते, कारण ते सालीत व गरात असते. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा आम्लाचा टक्का छापलेला असतो आणि त्यावरून ब्रूअर आपले प्रमाण ठरवतो. हिरड्याच्या पोत्यावर तसे काही नसते. झाड, जमीन, काढणीची वेळ यांनुसार टॅनिन कमी-अधिक होत असताना प्रत्येक वेळी ४.८ किलोच घालायचा, ही या कृतीची मर्यादा आहे. मोठ्या कंपन्या प्रयोगशाळेत तपासून माल घेतात, परंतु त्या तपासणीचा आकडा डोंगरावर फळे गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला मिळतो तो व्यापारी सांगेल तो ओला किंवा सुका भाव. टक्का सांगता आला असता, तर भाव मागताही आला असता.

आदिवासी विकास महामंडळाने हिरड्याची खरेदी नियमितपणे करावी, ही या भागातील संघटनांची जुनी मागणी आहे. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्या यादीतच हिरड्याचा समावेश होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार स्थानिकांना दिला. कागदावर तरतुदी अशा पुरेशा आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून आले, तेव्हा जुन्नर-आंबेगावातील हिरड्याची अनेक झाडे मोडली, कोवळी फळे झडली. शेतातल्या पिकाप्रमाणे हिरड्याचीही भरपाई मिळावी, यासाठी तेथील आदिवासींना पुढची काही वर्षे आंदोलने करावी लागली. हिरड्याचे झाड लावल्यापासून भरपूर फळू लागायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे मोडलेले झाड म्हणजे एका हंगामाचे नव्हे, तर एका पिढीचे नुकसान असते.

धायटीची परिस्थिती आणखी निराळी आहे. हिरड्याचे झाड बांधावर असले तर त्याला मालक असतो, धायटीचे झुडूप मात्र कोणाचेच नसते. डोंगराला लागणाऱ्या किंवा लावल्या जाणाऱ्या वणव्यांत ते ऐन फुलोऱ्यात जळते. ओरबाडून फांद्यांसकट फुले काढली, तर पुढच्या वर्षी तेथे फूल येत नाही. एका किलो वाळलेल्या फुलांसाठी किती झुडपे हिंडावी लागतात, हे ती तोडणाऱ्या बायकाच जाणतात.

कायदा आणि मात्रा

अरिष्टात अल्कोहोल असते, मग ते दारूबंदी कायद्यात कसे बसते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. कायद्याच्या दृष्टीने ते औषध आहे. विक्रीसाठी तयार करायचे, तर अन्न व औषध प्रशासनाचा आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्यांना या परवान्यातून सूट आहे. औषधाच्या नावाखाली नशेसाठी असे पेय केले वा विकले, तर मात्र ही ढाल उपयोगी पडत नाही. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध हाही औषधनिर्मात्यांच्या डोक्याला ताप होता. राज्य सरकारने २०२१ मध्ये ती गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध उठवल्याने तो बराचसा कमी झाला.

अभयारिष्टाची नेहमीची मात्रा १२ ते २४ मिलिलिटर, समभाग पाण्यातून, जेवणानंतर. आठ टक्क्यांच्या हिशेबाने २४ मिलिलिटरमध्ये दोन मिलिलिटरहून कमी अल्कोहोल जाते. ३३० मिलिलिटरच्या पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये ते साडेसोळा मिलिलिटर असते. ग्रंथात ते मूळव्याध, मलावरोध आणि पोटाच्या तक्रारींसाठी सांगितले आहे. मात्र त्यात निशोत्तर आणि दंतीसारखी रेचक द्रव्ये आहेत. गर्भवतींनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. गुळाचे प्रमाण लक्षात घेता मधुमेहींनीही वैद्यांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नये. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसला, तर औषध बिघडले असे समजण्याचे कारण नाही. टॅनिन आणि प्रथिने एकत्र येऊन खाली बसतात, त्याचाच तो भाग. झाकण उघडताच आंबट, सिरक्यासारखा वास आला किंवा वर पांढरी साय धरलेली दिसली, तर मात्र ती बाटली दुकानदाराला परत करावी.